खिशातलं ब्रेथ ॲनालायझर: कोणतं घ्यावं आणि त्याच्या आकड्यावर किती विसंबावं

ब्रेथ ॲनालायझर म्हणजे फुंकलेल्या श्वासावरून रक्तातल्या दारूचं प्रमाण सांगणारं यंत्र. ऑनलाइन मिळणाऱ्या अशा यंत्रांच्या किमतीत मोठा फरक असतो, तो आतल्या सेन्सरमुळे. काही शेकड्यांत मिळणाऱ्या यंत्रात टिन ऑक्साइडचा सेमीकंडक्टर असतो. तो सिगारेटच्या धुराला फसतो आणि मधुमेह्याच्या श्वासातल्या ॲसिटोनलाही. हवा दमट झाली की त्याचा आकडा हलतो, म्हणजे बेळगावजवळच्या जांबोटी-खानापूरच्या पावसाळ्यात तो भरवशाचा नाही. ते यंत्र घेऊच नका. फ्युएल सेलवालं काही हजारांत जातं, पण ते प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर अल्कोहोलचं ऑक्सिडेशन होताना निघणारा विद्युतप्रवाह मोजतं. घ्यायचं तर हेच. फक्त कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे आकडा पुन्हा अचूक जुळवून घेण्यासाठी, यंत्र कुठे पाठवावं लागेल ते आधी विचारा. सहा महिने ते वर्षाने ते करावंच लागतं, नाहीतर आकडा हळूहळू सरकत जातो.

शेवटच्या घोटानंतर किंवा माउथवॉशनंतर २० मिनिटं थांबा, नाहीतर तोंडातलीच दारू मोजली जाते आणि आकडा फुगतो. मग खोल श्वास घेऊन ५-६ सेकंद सलग फुंका. अर्धवट फुंकलं तर फुप्फुसाच्या तळातली हवा पोचत नाही आणि आकडा कमी दिसतो. एकक मात्र नीट बघा: ०.०३ टक्के म्हणजेच १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम. गाडी चालवण्याची कायद्याची मर्यादा हीच. याच्या वर पहिल्यांदा सापडल्यास १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

पण विशीतल्या पोरापोरींनी लक्षात ठेवायचे आकडे वेगळे आहेत. साधारण दोन तासांत हा आकडा ८० च्या (१०० मिलि रक्तात ८० मिलिग्रॅम; पुढचे असे आकडेही याच एककात) पुढे गेला की त्याला बिंज म्हणतात. ४२.८ टक्क्यांच्या १८० मिलिच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ६० किलोच्या मुलाने ती रिकाम्या पोटी दोन तासांत संपवली तर तो १०० च्या वर जातो. मुलीच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, त्यामुळे तिचा आकडा आणखी चढतो. ८ टक्क्यांच्या ६५० मिलि स्ट्राँग बिअरमध्ये ४१ ग्रॅम असतात, म्हणजे ‘फक्त बिअर’ हा बचाव दोन बाटल्यांत संपतो.

आकडा १६० च्या आसपास गेला, विशेषतः झपाट्याने गेला, तर ब्लॅकआउट होऊ शकतो. माणूस बोलतो, चालतो, बिलही देतो, पण मेंदूतल्या आठवणी नोंदवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागात आठवण नोंदलीच जात नाही. ती पुसली जात नाही, मुळात तयारच होत नाही. म्हणून सकाळी कितीही आठवून उपयोग नसतो. घटाघट पिणं आणि रिकामं पोट ही मुख्य कारणं. मूठभर चखण्याने फारसा फरक पडत नाही, आधी पोटभर जेवलं तर चढण्याचा वेग कमी होतो.

कपाळामागचा, निर्णय घेणारा मेंदूचा भाग साधारण २५ वर्षांपर्यंत घडत असतो. या वयात वारंवार भरपूर पिणाऱ्यांच्या एमआरआयमध्ये मेंदूचा करडा पदार्थ (ग्रे मॅटर) वेगाने घटताना आणि पांढऱ्या पदार्थाची (व्हाइट मॅटर) वाढ मंदावताना दिसली आहे. ‘थांब’ म्हणणारा हा भागच दारूने आधी ढिला पडतो. म्हणूनच या यंत्राचा सगळ्यात वाईट वापर म्हणजे कुणाचा आकडा मोठा याची पैज. तो खेळ रूमवर सुरू झाला तर यंत्र उचलून ठेवा.

खरा उपयोग सकाळी आहे. यकृत हा आकडा तासाला साधारण १५ ने उतरवतं. रात्री १ ला १५० असेल तर सकाळी ९ ला कुठे ३०. आंघोळ, कॉफी, लिंबूपाणी यांनी तो वेग वाढत नाही. चोर्ला घाटातून सकाळी बाइक काढण्याआधी म्हणूनच फुंकून बघा. मात्र शून्य दिसलं म्हणजे मेंदू ताळ्यावर आला असं नाही. हँगओव्हरमध्ये लक्ष आणि प्रतिक्रियेचा वेग मंदावलेलाच असतो, तेव्हा घाटात गाडी दुसऱ्याने चालवावी. दारूने झोपेचा पोतही बिघडतो, त्यामुळे परीक्षेच्या आदल्या दिवशी पाठ केलेलं पक्कं बसत नाही. हे कोणतंही यंत्र मोजत नाही.

पिणं आवरत नसेल तर १४४१६ या टेली-मानस मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर मराठीत आणि कन्नडमध्ये बोलता येतं. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आहे.

मित्र हलवूनही उठत नसेल, श्वास अडखळत असेल, ओठ निळसर पडले असतील, तर त्याच्या तोंडाला यंत्र लावू नका. कुशीवर वळवा, उलटी घशात जाऊ देऊ नका, १०८ ला फोन करा. त्याला एकटं सोडू नका: पोटातली दारू अजून रक्तात उतरत असते आणि आकडा झोपेतही चढतो.