दौलताबादच्या अलीकडचं पत्र्याचं हॉटेल: जायचं ते झडीतच

संभाजीनगरहून वेरूळला निघालं की दौलताबादच्या जरा अलीकडं हे शेड लागतं. पाटी नाही, शेजारच्या पंक्चरवाल्याच्या टायरांवरून ओळखायचं. उन्हात इथं थांबण्यात काही राम नाही. पत्रा तापतो, धूळ ताटात येते, चहाही बेताचाच. झड लागली की मात्र बसावं ते इथंच.

बाकडं मागचं धरा. मधल्या दोन्ही बाकड्यांवर गळतं, कारण पत्र्याच्या हुकांचे वायसर कधीच कुजलेत. पत्रा नालीदार आणि कडेला पन्हळ लावलेली नाही, त्यामुळं प्रत्येक नालीची धार वेगळी पडते, चार-चार बोटांवर. खाली मुरमात तेवढीच भोकं, एका ओळीत, तळाशी धुऊन निघालेले बारके खडे. पावसाचा जोर वाढला की सगळ्या धारा वीतभर पुढं सरकतात आणि भोकं चुकतात. ओसरला की परत आपापल्या भोकात. हे बघताना चहा हमखास गार होतो.

धारांपलीकडं दौलताबाद किल्ल्यातला चांदमिनार. सुमारे २१० फुटांचा, पण ढग खाली आला की वरून पुसत पुसत निम्मा राहतो. शेंडा दिसेनासा झाला तर पुढं खुलताबादच्या घाटातही धुकं असणार असं धरा आणि आणखी एक चहा सांगा. अशा दिवशी किल्ला चढायच्या भानगडीत पडू नका. अंधारीतल्या, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारातल्या, पायऱ्या ओल्या झाल्या की पाय ठरत नाही.

फोटो काढायचा तर धारांच्या मागं काहीतरी काळं हवं. पांढऱ्या आभाळापुढं धार दिसतच नाही, लिंबाच्या ओल्या बुंध्यापुढं एकेक थेंब उठून दिसतो. बुंध्यावर बोट दाबून फोकस धरा, उजेड थोडा उतरवा. चुलीजवळ गेलात की वाफेनं लेन्स धुरकट होते. कोरडा सुती रुमाल खिशात नको, पिशवीत ठेवा, खिसा भिजलेलाच असतो.

खायला धपाटे. ज्वारीच्या पिठात थोडं बेसन आणि गव्हाचं पीठ, ओल्या फडक्यावर थापलेले, मधे तीन-चार भोकं पाडून त्यातून तेल सोडलेलं. सोबत दही आणि ठेचा. भजे गर्दी नसेल तरच सांगा. गिऱ्हाईक वाढलं की मालक कढई गच्च भरतो, तेल थंड पडतं आणि भजे तेल पितात. त्यात कागदात गुंडाळून देतो. वाफ आतच कोंडते, दहा मिनिटांत सगळे मऊ. ताटलीत मोकळेच मागा.

गाडी मुरमावरच लावा. कडेची काळी माती भिजली की साइड स्टँड आत जातो आणि गाडी आडवी होते. लावावीच लागली तर स्टँडखाली चपटा दगड द्या. तीच माती मडगार्डात बसली की चाक फिरत नाही, काडीनं उकरत बसावं लागतं. पावसात रेंज जाते, ऑनलाइन पैसे अडकतात, सुटे जवळ ठेवा. बाथरूम नाही, बाईमाणसांची अडचण होते, आणि त्यासाठी एक स्टार कापावाच लागतो.

मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात. मागचं बाकडं मिळायला तोच वार बरा.