‘कुठेही चालतो’ म्हणून विकलेला ट्रेलचा बूट: सोल बघितल्याशिवाय पैसे देऊ नका

सोलापुरातल्या एका धावणाऱ्या मुलाला मोबाइलवर जाहिरात दिसली. नामांकित कंपनीचा ट्रेल रनिंगचा, म्हणजे डोंगर-माळाच्या कच्च्या वाटांवर धावण्याचा बूट, छापील किंमत 11,999, ‘एक्स्पोर्ट सरप्लस, शेवटचे दोन जोड’ म्हणून 2,799 रुपयांत. डांबर, माळ, डोंगर, कुठेही चालतो, असं वर आश्वासन. यूपीआयने आधी पैसे गेले, बूट आलाही. रामलिंगच्या डोंगरात उतरताना चवड्यापाशी सोल उघडला आणि सोलखालचे दाते, म्हणजे पकड देणारे उंचवटे, घासून सपाट झाले. विक्रेत्याने तोवर नंबर ब्लॉक केला होता. हा प्रकार आता वरचेवर कानावर येतोय, म्हणून सविस्तर लिहितो आहोत.

फसवणूक वरच्या लोगोत शोधू नका, ती सोलमध्ये असते. चांगल्या ट्रेल बुटाला खाली रबराचा आउटसोल असतो, त्यावर फोमचा मिडसोल, आणि काही बुटांत टोकदार दगड तळव्याला बोचू नये म्हणून मधे पातळ रॉक प्लेट. बनावट बुटात सगळा सोल एकाच साच्यातून काढलेला ईव्हीए फोम असतो आणि खालचा भाग नुसता काळा रंगवलेला. हा फोम मुरमावर भराभर झिजतो, ओल्या बेसॉल्टच्या काळ्या दगडावर तर पाय धरतच नाही. दात्यावर नख जोरात दाबून सोडा. रबर लगेच पूर्ववत होतं, फोमवर खूण राहते. खऱ्या बुटातही रबराच्या तुकड्यांमधून फोम दिसतो, तेव्हा नख दात्यावरच दाबा.

मग मोजपट्टी लावून दात्यांची उंची बघा. आपल्याकडे माळापर्यंत पोहोचायलाही डांबरावरून धावावं लागतं, त्यामुळे सगळीकडे वापरायच्या बुटाला साधारण 4 मिमीचे दाते पुरतात. 6 मिमीचे दाते चिखलाच्या चढाला उत्तम, पण डांबरावर लवकर झिजतात. नकली बुटात कडेचे दाते उंच आणि मधला भाग जवळजवळ सपाट असतो. फोटो नेहमी बाजूने काढलेला का असतो ते यावरून कळेल. दात्यांमधली फटही बघा. दाते दाटीने असले की पावसाळ्यात काळी माती त्यांत गच्च बसते आणि बुटाखाली मातीचा गोळा होतो, मग दात्यांचा उपयोगच उरत नाही. थोडक्यात, सगळ्या जमिनींवर सारखाच चांगला असा बूट नसतो आणि तसं छातीठोक सांगणाऱ्यावर पहिला संशय घ्यावा.

दोन्ही हातांनी बूट वाकवा. घडी चवड्यापाशी पडली पाहिजे. मधोमध पडत असेल तर परत करा. टाचेची मागची वाटी अंगठ्याने सहज चेपता कामा नये. आतल्या लेबलवरचा आर्टिकल नंबर (मॉडेलचा क्रमांक) दोन्ही पायांत आणि खोक्यावर एकच हवा. खोक्यावर कमाल किरकोळ किंमत, निर्मितीचा महिना-वर्ष आणि उत्पादकाचा किंवा आयातदाराचा पत्ता नसेल, तर ‘सरप्लस’ची गोष्ट ऐकूच नका.

अस्सल पण जुना माल खपवणं हा दुसरा प्रकार. पॉलियुरेथेन या फोमचा मिडसोल हवेतल्या दमटपणाने न वापरताही काही वर्षांत भुगा होऊ लागतो, ईव्हीए कडक होतो, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात डिंकही सुटतो. म्हणून निर्मितीची तारीख आधी बघा.

मापातही खेळ चालतो: यूएस 9 हा यूके 9 म्हणून देतात, प्रत्यक्षात तो साधारण यूके 8 असतो. लेबलवरचे सेंटिमीटर वाचा, संध्याकाळी धावण्याचे मोजे घालून बघा आणि बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवा. नाहीतर तुळजापूरच्या उतारावर नखं काळी पडतील.

ऑनलाइन मागवला तर पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ घ्या, लेबल तोडू नका, आधी घरातल्या फरशीवरच घालून बघा. पैसे घेऊन विक्रेता गायब झाला तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता कमी. दुकानदार बदलून देत नसेल तर पक्की पावती घेऊन ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. पावती नसेल तर यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. उघडलेला सोल मोच्याकडून शिवून त्याच बुटाने पुन्हा डोंगर चढू नका. शिलाई टिकेलही, दाते मात्र फोमचेच राहतात.