ब्युटाइल टेप: जुन्या पॉप-अप ट्रेलरच्या छपरावर वापरून पाहिली, पाचपैकी चार

निकाल आधीच सांगून टाकते. ब्युटाइल टेपला, म्हणजे सांध्यातून पाणी शिरू नये म्हणून मध्ये दाबून बसवायच्या चिकट रबरी टेपला, पाचपैकी चार. एक गुण कापला तो तिच्या कागदापायी, त्याबद्दल पुढे बोलूच.

जुना पॉप-अप ट्रेलर (गाडीमागे ओढून न्यायचा, आत झोपायची सोय असलेला) घरी दुरुस्तीला काढला असेल, तर गाद्यांच्या खोळी, पडदे, रंग हे सगळं मागाहून. आधी छप्पर. छप्पर खाली केलं की पेटी आणि हँडल फिरवून वर केलं की तंबू, अशी या ट्रेलरची रचना. त्यामुळे गळती लागली की सगळे संशय घेतात तंबूच्या कापडावर. आमच्या ट्रेलरचं कापड मात्र निर्दोष सुटलं. छपराच्या कडेभोवती ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूने बसवलेली असते, पाणी तिच्यामागून शिरत होतं.

आधीच्या मालकाने या गळतीवर एकच औषध केलं होतं: सिलिकॉन. पट्टीच्या वरून, खालून, स्क्रूच्या डोक्यांवर, फट दिसेल तिथे. आता गंमत अशी की वाळलेल्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉनसुद्धा धड चिकटत नाही, रंगाची तर बातच सोडा. त्यामुळे थरावर थर चढत गेले, पाणी त्यांच्या मागून आत जात राहिलं, आणि खालची कडही बुजवून टाकल्यामुळे आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट उरली नाही. पट्टी उचकटली तेव्हा पुढच्या कोपऱ्यातले स्क्रू पेचकस न लावता बोटांनीच निघाले. त्यांच्याभोवतीचं लाकूड काळं पडलेलं, नखाने खरवडलं तरी त्याचे धागे सुटत होते. कुजलेला भाग कापून नवं लाकूड जोडणं हे सरळ सुतारकाम आहे, त्यावर इथे वेळ घालवत नाही. एवढंच सांगते, की ओल मोजायचं यंत्र १५ टक्क्यांच्या खाली दाखवेपर्यंत काहीही बंद करू नका. ओलं लाकूड सीलबंद केलं तर बुरशीला घर बांधून दिल्यासारखंच होतं.

सिलिकॉन खरवडणं हे या कामातलं सर्वांत कंटाळवाणं प्रकरण. पत्र्यावर प्लॅस्टिकचीच पाती वापरायची, लोखंडी पटाशीने ओरखडे पडतात. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यायचं. बोट फिरवल्यावर जरा जरी गुळगुळीत, मेणचट लागलं, तर पुन्हा खरवडायचं.

आता टेपकडे येते. मी घेतलेला रोल राखाडी, १९ मिलिमीटर रुंद, ३ मिलिमीटर जाड. हिला टेप म्हणतात खरं, पण ती पट्टीच्या आकारात दाबलेली चिकट रबरी लगदी आहे. मूळ ब्युटाइल रबर १९३७ साली अमेरिकेत विल्यम स्पार्क्स आणि रॉबर्ट थॉमस या दोघांनी स्टँडर्ड ऑइलच्या प्रयोगशाळेत बनवलं. यातून हवा फार कमी झिरपते, म्हणून टायरच्या ट्यूबसाठी ते इतकं चाललं. ट्यूबचं रबर पक्कं केलेलं असतं, टेपमधलं तसं नसतं. ते वाळत नाही, घट्ट होत नाही, वर्षानुवर्षं चिकटच राहतं. आपल्याला नेमका हाच गुण हवा असतो.

हवा का, तर ३ मीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी पहाटेच्या गारठ्यापासून उन्हात तापेपर्यंत, समजा ४० अंशांच्या फरकाने, पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास वाढते. खालचं लाकूड लांबीच्या दिशेने त्या मानाने जवळजवळ हलतच नाही. त्यात हँडल फिरवताना चारही कोपऱ्यांचे खांब अगदी एकसारखे वर येत नाहीत, छप्पर थोडं पिळवटतं. रस्त्यावरचे धक्के वेगळेच. वाळून कडक होणारं काहीही या सांध्यात भरलं तर ते कधी ना कधी सुटणारच. ब्युटाइल मात्र ताणलं जातं आणि दोन्ही बाजूंना धरून राहतं.

आता कागद. टेपच्या एका बाजूला सोलून काढायचा कागद असतो आणि पाकिटावर तो सहज निघतो असं छापलेलं असतं. सावलीत निघतोही. ऊन चढलं की मात्र टेप इतकी मऊ होते की कागद ओढला तर टेपच त्याच्याबरोबर वर येते, लांबते, पातळ होते, आणि मग हाताला, कोपराला, एकदा तर केसांनाही. उपाय म्हणजे रोल थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवायचा आणि काम सकाळी उरकायचं. थंडीत उलटी तऱ्हा, टेप कडक होते आणि पत्र्याला धरत नाही, तेव्हा हेअर ड्रायरने कोमट करावी लागते. चांगल्या मालाला एवढे नखरे कशाला, म्हणून तो एक गुण कापला.

लावायची रीत सांगते, कारण टेप चांगली असूनही लोक इथेच वाया घालवतात. टेप पत्र्यावर नाही, पट्टीच्या मागच्या बाजूला लावा, म्हणजे पट्टी बसवताना ती घसरत नाही. ताणू नका. वळणावर हळूहळू ढकलत बसवा आणि जोड कोपऱ्यात येऊ देऊ नका. दोन पत्रे एकावर एक येतात तिथे पायरी पडते, त्या ठिकाणी टेपचा जास्तीचा तुकडा द्या. स्क्रू टेपमधूनच आरपार गेला पाहिजे, म्हणजे त्याच्या आट्यांभोवतीही ब्युटाइल गुंडाळलं जातं. स्टीलचा स्क्रू आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये पाणी राहिलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, त्यालाही यामुळे थोडा आळा बसतो.

आणि स्क्रू हाताने आवळा. यंत्राने आवळले तर जुन्या लाकडातली भोकं तिथेच सैल होतात. पहिल्या फेरीत नुसते टेकवायचे. दुसऱ्या फेरीत पट्टीच्या दोन्ही कडांमधून राखाडी ओठ बाहेर यायला लागतात. हे ओठ सलग दिसले पाहिजेत. जिथे तुटक दिसतात तिथे आत टेप पत्र्याला टेकलेली नाही, पट्टी सैल करून तुकडा वाढवा. मग थांबायचं. ब्युटाइल घाईत दाबलं जात नाही, ते सावकाश सरकतं. दुसऱ्या दिवशी ऊन लागल्यावर त्याच स्क्रूंना पाव पाव आटा आणखी मिळतो, आणि आणखी थोडं बाहेर येतं. बाहेर आलेलं प्लॅस्टिकच्या पातीने कापायचं. त्याचाच गोळा करून राहिलेल्या बारीक तुकड्यांवर दाबला की तेही उचलले जातात.

डाग पुसायला टर्पेंटाइन चालतं, पण छपरावर ईपीडीएम रबर असेल तर पेट्रोलियमवाली कुठलीच द्रावणं नकोत, रबर फुगतं. छप्पर एबीएस प्लॅस्टिकचं असेल तरी आधी एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात बघून घ्या.

रोल संपला म्हणून मध्ये दुसऱ्या दुकानातून स्वस्तातला एक मागवला. पाकिटावर ब्युटाइलच लिहिलेलं. तुकडा तोडून दोन्ही हातांनी ओढला तर पटकन तुटला. खरं ब्युटाइल तार धरतं, लांबच लांब, वैताग येईपर्यंत. तुटणारी असते ती तेलात मळलेली पुट्टी. तेल उडालं की ती वाळते आणि तडकते. तो रोल परत पाठवला. हातात आलेला कुठलाही रोल आधी असा ओढून बघा.

टेपकडून नको त्या अपेक्षाही ठेवू नका. ती सांधा बंद करते, सांधा जोडून धरत नाही; धरायचं काम स्क्रूचं. उन्हात उघडी राहिली तर तिच्यावर धूळ बसते आणि ती खराब होते. म्हणून पट्टीच्या वरच्या कडेवर आणि स्क्रूच्या डोक्यांवर छपराचं सीलंट लागतंच: सपाट भागावर आपोआप पसरणारं, उभ्या भागावर न ओघळणारं. पट्टीची खालची कड मात्र मी उघडी ठेवली. चुकून पाणी गेलंच तर त्याने बाहेर यावं.

चाचणीसाठी मोठ्या गाड्यांत पंख्याने आत हवा भरून बाहेरून साबणाचं पाणी लावतात. इथे भिंतीच कापडाच्या, हवा टिकणार कुठे? म्हणून छप्पर वर करून नवऱ्याला टॉर्च देऊन आत बसवलं आणि मी बाहेरून पाइप धरला. सुरुवात खालून करायची आणि हळूहळू वर जायचं; वरून सुरू केलं तर पाणी कुठून शिरलं ते कळत नाही. "अगं, कोरडंय, पुढे चल," असं करत आम्ही सगळी कड फिरलो. थेंब दिसला तो छपरावरच्या झरोक्यापाशी, १४ इंची चौकोनाच्या एका बाजूला. तिथे अजून जुनंच सिलिकॉन होतं, हात लावलेला नव्हता. तोही मग उचकटून टेपवर बसवला. पुढचे पाऊस तिथे काही झिरपलेलं नाही.

परत घ्यायची झाली तर कडेच्या पट्टीसाठी मी २५ मिलिमीटरची टेप घेईन. १९ची पुरते, पण बसवताना जरा इकडेतिकडे झालं की स्क्रू टेपच्या काठावर येतो. झरोक्याला आणि मागच्या दिव्यांना १९चीच बरी.