सदतीस वेळा हरलो, कारण घड्याळ अगदी बरोबर होतं

हसायचं तर हसा. माझे १.८५ ईथर (इथेरियम ब्लॉकचेनचं चलन) गेले, वर गॅसचे, म्हणजे व्यवहाराच्या शुल्काचे, ०.०३१ वेगळे.

खेळ साधा होता, इथेरियमवरच्या कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कोडचा. ०.०५ ईथर पाठवा. तुमचा व्यवहार ज्या ब्लॉकमध्ये (व्यवहारांच्या गठ्ठ्यात) जाईल त्याच्या टाइमस्टॅम्पला, म्हणजे सेकंदांत मोजलेल्या वेळेला, १५ ने भाग गेला की सगळा गल्ला तुमचा. सात दिवस कुणी जिंकलं नाही तर मालकाचा. (ही ओळ मी वाचली होती. वाचून पुढे गेलो.)

मी काही अडाणी नाही. कोड उघडा होता, ओळ न् ओळ तपासली. इथेरियमवर पूर्वी मायनर (तेव्हाचे ब्लॉक बनवणारे) टाइमस्टॅम्प काही सेकंद सरकवू शकत, हेही ठाऊक होतं. पण सप्टेंबर २०२२ च्या मर्जपासून, म्हणजे ब्लॉक बनवायची पद्धत बदलल्यापासून, ब्लॉक १२ सेकंदांच्या ठरलेल्या स्लॉटमध्येच येतो. व्हॅलिडेटर (आताचा ब्लॉक बनवणारा) फार तर आपली पाळी चुकवेल, वेळ बदलू शकत नाही. म्हटलं, आता लबाडीला जागाच नाही.

तिथेच मेलो. बीकन चेनचं, म्हणजे हे स्लॉट ठरवणाऱ्या साखळीचं, घड्याळ १ डिसेंबर २०२० ला, यूटीसीप्रमाणे १२:००:२३ ला सुरू झालं. त्यात बारा-बारा मिळवत जा. सेकंद कायम ११, २३, ३५, ४७ नाहीतर ५९. आणि १५ ने भाग जायला हवेत ०, १५, ३० किंवा ४५! संधी पंधरात एक नव्हती, शून्य होती.

हे पाच आकडे एक्सप्लोररवर (व्यवहार दाखवणाऱ्या वेबसाइटवर) माझ्या प्रत्येक व्यवहारासमोर छापलेले होते. बाविसाव्या खेपेला मनात आलंही, 'पुन्हा ४७?' आणि मी काय केलं? आणखी ०.०५ पाठवले. खऱ्या पंधरात-एक खेळातसुद्धा ओळीने ३७ वेळा हरणं शंभरात सात-आठदा घडतंच, म्हणून नशिबाला शिव्या देत बसलो. तुम्हीही तेच केलं असतं.

टाइमस्टॅम्पवर सोडत काढणाऱ्या कॉन्ट्रॅक्टला पैसे पाठवूच नका. मुदत मोजायला टाइमस्टॅम्प ठीक आहे, नशीब काढायला नाही.

सायबर तक्रार द्यायला गेलो तर पहिला प्रश्न, "ओटीपी कुणाला सांगितलात?" मग, "समोरच्याचा फोन नंबर?" कॉन्ट्रॅक्टचा ब्लॉकचेनवरचा पत्ता दिला, तर म्हणे यात नाव कुठंय. भागाकार कागदावर करून दाखवला. साहेबांनी कागद उलटा धरून पाहिला आणि म्हणाले, "लिहिलंय तसंच झालं ना? मग फसवणूक कसली?" क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एक्स्चेंजने तर तीन वेळा तेच छापील उत्तर पाठवलं: व्यवहार परत फिरवता येत नाही. अहो, ते मला माहीत आहे! निदान पैसे कुठे निघतात त्यावर नजर तरी ठेवा.

पैसे लावण्याआधी मागच्या वीस ब्लॉकांच्या वेळा घ्या, स्वतः भागून बघा. न जिंकलेला गल्ला कोण उचलतो तेही बघा.

काल पाहिलं, तोच कोड नव्या पत्त्यावर चढलाय. गल्ल्यात २.४ ईथर जमलेत. शेवटच्या व्यवहाराची वेळ, सेकंद ३५.