‘सगळ्या माद्याच’ म्हणून घेतलेली कोंबडीची पिल्लं
हॅचरीवाल्यांनी छातीठोकपणे सांगितलेलं की सगळ्या माद्याच आहेत, पण तसं काही निघालं नाही. पिल्लं मात्र एकदम टकाटक आली हां, एकही मेलेलं नाही, आल्या आल्या दाणापाणी सुरू. पण दीड-दोन महिन्यांत दोघांचे तुरे लालभडक, पाय दणकट आणि बाकीच्यांचे तुरे अजून फिक्कट पिवळसर, तिथेच डाऊट आला. फोन केला तर म्हणे थांबा, तुऱ्यावरून काही कळत नाही. ठीक आहे, थांबलो, तर तीनेक महिन्यांचे झाल्यावर शेपटीच्या बुडाशी लांब टोकदार चकचकीत पिसं लोंबायला लागली (तलंगेची, म्हणजे तरुण मादीची, तिथली पिसं गोलसर असतात) आणि एक जण तर भल्या पहाटे घसा बसल्यासारखा आरवायला पण लागला, आता अजून काय पुरावा पाहिजे? एका दिवसाच्या पिल्लाचं बूड तपासून नर-मादी ओळखतात, त्यात एक्सपर्टचंही थोडंफार चुकतं हे मान्य, पण मग शंभर टक्के गॅरंटी देता कशाला! बदलूनही देत नाहीत. फक्त अंड्यांसाठी पाळायच्या असतील तर जन्मतःच रंगावरून नर-मादी कळणारी क्रॉस जात मागा, नाहीतर सरळ मोठ्या तलंगाच घ्या. तीन स्टार, ते पण पिल्लांच्या तब्येतीचे.