जांभळी नाक्यावरची घोळ: पाकिटातल्या पावडरीपेक्षा कधीही बरी

ठाण्यात चांगली घोळ, म्हणजे ती जाड पानांची आंबटसर पालेभाजी, कुठे मिळते हे मला सोसायटीत, ऑफिसात, नात्यात इतक्या जणींनी विचारलंय की आता एकदाचं नीट लिहूनच टाकते. जांभळी नाका. पण मंडईत आत गाळ्यांवर शोधू नका, तिथे मेथी पालक शेपू चवळी झकास मिळते पण घोळ असलीच तर कोपऱ्यात सुकत पडलेली असते. बाहेर फुटपाथवर गोणपाट टाकून ज्या बायका बसतात ना, कोणी येऊरच्या पाड्यावरून आलेली, कोणी शहापूर-मुरबाडकडून पहाटेची एसटी नाहीतर लोकल पकडून, त्यांच्याकडे बघा. स्टेशनवरून वेस्टला उतरून चालत दहाएक मिनिटं, तलावपाळीच्या बाजूने आलात तर कौपिनेश्वर मंदिराच्या अलीकडे पलीकडेच. बोर्ड नाही, नाव नाही, समोर पाच-सहा वाटे मांडलेले असतात आणि बाजूला ओल्या फडक्याखाली बाकीचा माल झाकलेला, बस्स. गाडी नेऊ नका, पार्किंगच्या नादात भाजी राहून जाईल.

मी ज्या मावशींकडून घेते त्यांच्याकडची घोळ मला का आवडते ते सांगते. एक तर कोवळी असते. टोकाकडची चार-पाच बोटं लांबीची खुडलेली, देठ लालसर आणि पाण्याने टच्च भरलेले, पानं छोटी जाड गुळगुळीत, एखाददुसरी पिवळी कळी. मुळासकट उपटलेली जून घोळ पण बाजारात येते, ती स्वस्त पडते पण अर्धी साफ करण्यात जाते, वर त्यातल्या काळ्या बारीक बिया मातीसारख्या दाताखाली येतात. मावशींच्या वाट्यात हे कधी नसतं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. नवीन गिऱ्हाईक आलं आणि "ही नक्की घोळच ना?" असं विचारलं की मावशी वैतागत नाहीत, वाट्यातली एक काडी उचलतात, नखाने मधोमध मोडतात आणि समोर धरतात, "बघ ताई, पानी आलं, दूध नाय." इतकंच. हीच खरी परीक्षा आहे आणि ती प्रत्येकाला माहीत असायला हवी, कारण घोळीसारखंच जमिनीला चिकटून पसरणारं एक तण असतं, दुधी म्हणतात त्याला (दुधी भोपळा नव्हे), त्याची काडी मोडली की पांढरा चीक येतो आणि तो चीक त्रासदायक असतो, अंगाला लागला तरी आग होते, पोटात तर जाताच कामा नये. त्याची पानं पातळ आणि देठ बारीक दोऱ्यासारखे असतात, घोळीची पानं जाड मांसल. तरी शंका आली तर काडी मोडा. पांढरं दिसलं की फेकून द्या आणि हात धुवा. कॉम्प्लेक्सच्या कुंड्यांमध्ये, फुटपाथच्या फटीत आपोआप उगवलेली घोळ बघून उत्साहाने तोडणाऱ्यांना तर हे शंभरदा सांगावं असं वाटतं.

आणि तसंही रस्त्याकडेची, रुळांच्या बाजूची, नाल्याकाठची घोळ खाऊच नका. ही वनस्पती जमिनीतलं जे काय असेल ते शोषून घेते, जड धातूसुद्धा. नवी मुंबईत एमआयडीसीच्या पट्ट्यात मोकळ्या प्लॉटवर पावसाळ्यात सुंदर हिरवीगार घोळ दिसते, लांबूनच बघायची. मी मावशींना पहिल्यांदाच विचारलं होतं कुठली आणता, तर त्यांच्या भाताच्या खाचराच्या बांधावरची आणि परसातल्या भेंडीच्या वाफ्यातली असं म्हणाल्या, तिथे ही तण म्हणून येतेच, निंदणी करताना उपटावीच लागते. तुम्ही पण विचारा, राग नाही येत कोणाला.

आता फायद्यांचं. त्यासाठीच सगळे विचारतायत, कारण सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर घोळीबद्दल जे फिरतंय त्यानुसार घोळ खाल्ली की शुगर जाते, बीपी जातो, फिश ऑइल बंद करा, पालकापेक्षा पाचपट लोह वगैरे. मी डायटिशियन नाही पण घरात कोलेस्टेरॉल आहे, किडनी स्टोनही होऊन गेलाय, त्यामुळे जे ताटात येतं ते वाचून बघायची सवय लागलीय. तर लोहाचं आधी. १०० ग्रॅम कच्च्या घोळीत लोह साधारण २ मिलिग्रॅम, पालकात २.७ च्या आसपास. म्हणजे पालकच पुढे. कॅल्शियम घोळीत ६५ मिलिग्रॅम, पालकात ९९. व्हिटॅमिन सी २१ मिलिग्रॅम, ते बरं आहे पण शिजवताना त्यातलं बरंचसं जातं. मॅग्नेशियम ६८ आणि पोटॅशियम ४९४ मिलिग्रॅम, हे दोन्ही छान आकडे आहेत. कॅलरी फक्त २०, कारण १०० ग्रॅममधलं ९३ ग्रॅम पाणीच असतं. थोडक्यात चांगली पालेभाजी, चमत्कार नव्हे.

पण एका बाबतीत घोळ खरंच वेगळी आहे आणि त्याचं श्रेय तिला द्यायलाच हवं. तिच्यात ओमेगा थ्री आहे, अल्फा लिनोलेनिक अ‍ॅसिड या प्रकारचं, १०० ग्रॅम ताज्या पानांत ३०० ते ४०० मिलिग्रॅम. रोजच्या पालेभाज्यांत एवढं सहसा नसतं, पालक बराच मागे आहे. प्रौढ बाईला दिवसाला साधारण १.१ ग्रॅम आणि पुरुषाला १.६ ग्रॅम लागतं असं धरतात, म्हणजे चांगली वाटीभर घोळ खाल्लीत तर बाईच्या गरजेचा तिसरा हिस्सा भाजीतूनच आला. आमच्याकडे श्रावणात मासे बंद असतात तेव्हा मला याचं बरं वाटतं. मात्र हा बांगड्याला पर्याय नाही. माशात जे ईपीए आणि डीएचए या प्रकारचं ओमेगा थ्री असतं ते वेगळं, आपलं शरीर भाजीतल्या ओमेगा थ्रीपासून ते बनवतं पण फार थोडं. आणि नुसतं अल्फा लिनोलेनिकच हवं असेल तर जवसाची चटणी घोळीच्या कितीतरी पुढे आहे, एक मोठा चमचा जवसात दोन ग्रॅमच्या वर मिळतं. त्यामुळे ज्यांना डॉक्टरांनी फिश ऑइल लिहून दिलंय त्यांनी ते घोळीच्या भरवशावर बंद करू नये, आणि शुगरच्या गोळ्या तर अजिबात नाही. माझ्या एका मावसबहिणीने फॉरवर्ड वाचून गोळी अर्धी केली होती, घरच्यांना कळलं तेव्हा सगळ्यांची झोप उडाली, म्हणून हे इतकं लावून धरतेय.

आणि फॉरवर्डमध्ये जे कधीच नसतं ते ऑक्झलेट, म्हणजे कॅल्शियमशी मिळून मुतखडा बनवू शकणारं द्रव्य. घोळीत ते भरपूर असतं, पालकासारखंच. ज्यांना कॅल्शियम ऑक्झलेटचा मुतखडा झालाय किंवा होतो त्यांनी घोळीचा कच्चा ज्यूस, स्मूदी, सलाड यातलं काहीही करू नये, भाजी खायची तरी डॉक्टरांना विचारून आणि थोडी. किडनीच खराब असेल, डायलिसिस चालू असेल तर पोटॅशियममुळेही जपावं लागतं. रक्त पातळ व्हायच्या वॉरफरीनसारख्या गोळ्या चालू असतील तर हिरव्या पालेभाज्या अचानक वाढवायच्या नसतात, त्यातल्या व्हिटॅमिन केमुळे, घोळही त्यात आली.

इथे आपल्या जुन्या बायकांची पद्धत किती बरोबर होती बघा. घोळ ताकात करतात. ताकातलं, दह्यातलं कॅल्शियम त्या ऑक्झलेटला पोटातच धरून ठेवतं, मग ते शरीरात कमी शोषलं जातं. आधी उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकून ते पाणी ओतून दिलं तर अजून थोडं कमी होतं, आमच्याकडे स्टोनवाल्या माणसासाठी मी तसंच करते. माझी करायची रीत अशी, घोळ तीन-चार पाण्यातून धुवायची, शेवटच्या पाण्यात तळाला माती दिसेनाशी झाली पाहिजे, मग जाडसर चिरायची, देठासकट. आंबट ताकात दोन चमचे डाळीचं पीठ गुठळ्या न ठेवता कालवून घ्यायचं. तेलात मोहरी हिंग हळद, भरपूर ठेचलेला लसूण, सुकी मिरची, त्यावर घोळ परतायची, ती लगेच पाणी सोडते आणि एवढीशी होते, म्हणून दोन माणसांना दोन वाटे तरी घ्याच. मग ताक ओतून सारखं ढवळत राहायचं, नाहीतर फुटतं. उकळी आली की मीठ, वरून परत लसणाची फोडणी. भाकरीबरोबर खा, तांदळाच्या. किंचित बुळबुळीत लागते, भेंडीचा बुळबुळीतपणा ज्यांना आवडत नाही त्यांनी मूगडाळ घालून सुकी करावी, ती पण छान होते, मुलं तीच खातात.

सकाळची घोळ जास्त आंबट असते हे माहितीये का? पाण्याचा ताण पडला की ही वनस्पती दिवसा पानांवरची छिद्रं मिटून घेते आणि रात्री उघडते, रात्रभर पानांत मॅलिक अ‍ॅसिड साठतं, दिवसा ऊन आलं की ते वापरलं जातं. म्हणून पहाटे खुडलेली आंबट आणि संध्याकाळची सौम्य. जूनच्या आधी, उन्हाळ्यात आलेल्या घोळीत हा फरक मला जिभेला कळतो. आंबट नको असेल तर ताक गोडं घ्या.

आता पैशांचं. मावशींकडे वाटा २० रुपयांना, क्वचित ३०. यूपीआय आहे, मुलाच्या नंबरवर जातं, पण सुट्टे नेलेत तर बरं. घासाघीस मी करत नाही, पहाटे बांधावर वाकून एकेक शेंडा खुडायचा आणि डोक्यावर वाहून आणायचा त्याचे ते पैसे आहेत आणि ते कमीच आहेत.

याच्या समोर मी आणखी दोन गोष्टी वापरून बघितल्या. एक, घरपोच भाजी देणाऱ्या एका अ‍ॅपवरून मागवली, प्लास्टिकच्या बंद डब्यात आली, आतून घाम सुटलेला, खालचा थर काळा पडून वास मारत होता, १०० ग्रॅमला मावशींच्या चार वाट्यांचे पैसे. तक्रार केली तर पैसे परत दिले, पण भाजीचा बेत गेला तो गेलाच. घोळीत पाणी इतकं असतं की ती बंद डब्यात टिकतच नाही, तिला हवा लागते. घरी आणल्यावर पण पिशवीतून काढा, न धुता सुक्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, दोन दिवस आरामात राहते. दुसरी, एका ऑरगॅनिक दुकानातली घोळ पावडर, पाकिटावर मोठ्या अक्षरात ओमेगा थ्री. मला विचाराल तर घेऊ नका. ओमेगा थ्री हवेने, उजेडाने, उष्णतेने खराब होतं, पावडर कधी वाळवली, कशी वाळवली काही लिहिलेलं नाही, किती मिलिग्रॅम उरलंय तेही नाही. पाकीट उघडल्यावर जुन्या सुक्या गवतासारखा वास आला. आणि ऑक्झलेट मात्र वाळवल्याने कुठे जात नाही, उलट चमच्यात जास्त दाटून येतं. मुतखड्यावर एक शब्द नव्हता त्या पाकिटावर, याचा मला खरंच राग आला.

मावशींकडे उणीव म्हणाल तर एवढीच की त्या रोज असतीलच असं नाही. शेतीची कामं असली, घरात काही असलं की येत नाहीत, जागाही दहा पावलं इकडे तिकडे होते. सकाळी साडेदहाच्या आत गेलात तर निवडायला मिळतं, रविवारी त्याहून लवकर जा. वाट्यात कधीकधी हरळीची काडी येते, घरी निवडावं लागतंच. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा फक्त हमखास मिळत नाही म्हणून कापलाय.

पावसाळ्यात गेलात तर नुसती घोळ घेऊन येऊ नका. टाकळा, कुरडू, भारंगी, फोडशी, नंतर कंटोळी असं सगळं त्यांच्याकडे येत जातं. जूनच्या सुरुवातीला शेवळं असतात, ती घेतलीत तर काकडं, म्हणजे त्यात घालायची छोटी आंबट फळं, पण मागून घ्या, नाहीतर घसा खाजतो. कशी करायची विचारलंत तर मावशी अगदी चिरण्यापासून सांगतात, मागे रांग लागली तरी. आणि घोळीचे जाड देठ निवडताना उरले तर कुंडीत खोचून द्या, मुळं फुटतात, थोडं पाणी आणि चांगलं ऊन पुरतं. बाजारातून मिळाली नाही त्या आठवड्यात आमटीत घालण्यापुरती तरी गॅलरीत असते.