क्लब वर्ल्ड कपची तिकिटं आणि ६६० डॉलरचा चुना

न्यू जर्सीतल्या एडिसन आणि आसपासच्या मराठी मंडळींनो, १९ जुलै २०२६ ला फुटबॉल वर्ल्ड कपची फायनल आपल्या अंगणात, मेटलाइफ स्टेडियमवर आहे, म्हणून हे आत्ताच लिहून ठेवतोय. मला ६६० डॉलरचा चुना लागलाय. चार तिकिटं, प्रत्येकी १६५.

सामना २०२५ च्या फुटबॉल क्लब वर्ल्ड कपचा, ९ जुलैची सेमीफायनल, पॅरिसचा क्लब पीएसजी विरुद्ध रियाल माद्रिद, तेच मेटलाइफ स्टेडियम. आधीच्या शनिवारी तिथेच रियालच्या एम्बाप्पेने डॉर्टमुंडविरुद्ध ओव्हरहेड किकने गोल मारला आणि आमच्या चिरंजीवांनी घर डोक्यावर घेतलं. एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'चार सीट, एकत्र, अर्जंट' असा मेसेज दिसला. फोन केला तर अस्सल मराठी. "दादा, सुट्टी नाही मिळाली हो, नाहीतर असा सामना कोण सोडतंय!" पुढचं तुम्हाला माहीतच आहे. झेलने (Zelle, खात्यातून थेट दुसऱ्याच्या खात्यात पैसे पाठवायची सोय) पैसे, पीडीएफमध्ये तिकिटं, मग फोन बंद.

"स्वस्तात मिळाली तेव्हाच ओळखायला हवं होतं," असं ऐकवणाऱ्यांना एवढंच विचारतो: त्याच आठवड्यात, त्याच मैदानावरच्या चेल्सी-फ्लुमिनेन्से सेमीफायनलचं तिकीट फिफाने स्वतः ४७३.९० डॉलरवरून १३.४० वर आणलं होतं. अधिकृत भावच असा कोसळत असेल तर १६५ स्वस्त की महाग हे मी कशावरून ठरवायचं? शिवाय मी १८० वरून घासाघीस करून तिथवर आणलं होतं, आणि त्याने रीतसर कुरकुर केली होती. नाटकी नुसता!

खटकायला हवं होतं ते वेगळंच. झेलवर नाव बाईचं आलं. "बायकोचं खातं आहे, दादा." बरं. तिकिटांच्या अ‍ॅपवर ट्रान्सफर कर म्हटलं तर "ते आदल्या रात्री उघडतं, तोवर पीडीएफ ठेवा." बरं. आणि ती पीडीएफ! सीट ११, १२, १३, १४. खालचा चौकोनी कोड मात्र चारही तिकिटांवर तोच. गेटवरच्या मुलीने दोन पानं शेजारी धरली तेव्हा दिसलं. हीच पीडीएफ मी साडूला कौतुकाने फॉरवर्ड केली होती. चार कोड एकमेकांशी ताडून बघतं का कोणी? आता बघा. त्याहून बरं म्हणजे पीडीएफ घेऊच नका. तिकीट तुमच्या अ‍ॅपमध्ये दिसल्याशिवाय एक सेंट सोडू नका.

आत २४ मिनिटांत पीएसजीचे तीन गोल झाले. आम्ही बाहेर उन्हात. पोराने अंगातली रियालची जर्सी काढून पिशवीत टाकली.

बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत, म्हणजे व्यवहार तुमच्या मंजुरीने झाला. अरे, मंजुरी तिकिटांसाठी होती! ज्या खात्यात पैसे गेले ते कोणाचं, हे त्यांना माहीत आहे, पण 'गोपनीयता'. म्हणजे चोराची गोपनीयता जपायची आणि माझी केस बंद करायची. पोलीस ठाण्यात रिपोर्ट नंबर मिळाला, वर सल्ला की ऑनलाइन तक्रार करा. ऑनलाइन तक्रारीला आपोआप आलेली पोच, त्यानंतर चिडीचूप. स्टेडियमच्या खिडकीवर तर, "आमच्याकडून घेतली नाहीत ना?" म्हणून हात वर. ग्रुपच्या अ‍ॅडमिनने माझाच मेसेज डिलीट केला, ग्रुपची बदनामी नको म्हणून!

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका ग्रुपवर नव्या नंबरवरून वर्ल्ड कपच्या तिकिटांचा मेसेज आला. 'एकत्र, अर्जंट, सुट्टी नाही मिळाली.' दोन्ही नंबरांचे स्क्रीनशॉट माझ्याकडे आहेत. हवे असतील त्यांनी मागा, लगेच पाठवतो.